प्रतिसंमेलनाचा जमाखर्च : विदर्भाच्या संदर्भात एक विचार

१. प्रास्ताविक

मराठीतील साहित्य संमेलनांचा अभ्यास प्रामुख्याने अध्यक्षीय भाषणांच्या आधारे होत आला आहे. भाषणांचे संग्रह निघाले, त्यांतील वाङ्मयीन भूमिकांची चिकित्सा झाली, अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरही विपुल लेखन झाले. मंडप कोणी घातला, भोजनाचा खर्च कोणी उचलला, निमंत्रितांचे प्रवासभाडे कोणाच्या खिशातून गेले, हे प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य ठरवून वृत्तपत्रांकडे सोपविण्यात आले. प्रस्थापित संमेलनाच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. प्रस्थापिताला नकार देऊन उभ्या राहिलेल्या संमेलनांच्या बाबतीत ती मुळीच परवडणारी नाही. कारण त्यांचा नकार केवळ भाषणांतून व्यक्त झालेला नाही, तो त्यांच्या जमाखर्चातूनही व्यक्त झालेला आहे.

प्रतिसंस्कृतीच्या उत्सवाविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. असा उत्सव गरिबीत जन्मतो, लोकप्रिय होतो, त्यात पैसा येतो आणि पैशाबरोबर त्याची धार बोथट होते, असा तो समज आहे. या मांडणीत तथ्य नाही असे नाही. परंतु ती अपुरी आहे. पैसा आला म्हणजे नेमके काय बदलते, आणि पैसा येऊनही काही ठिकाणी ते का बदलत नाही, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी विदर्भ हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. नागपूर आणि त्याच्या परिसरात प्रस्थापित संमेलन, विद्रोही संमेलन, दीक्षाभूमीवरील ग्रंथबाजार आणि झाडीपट्टीची रंगभूमी असे सार्वजनिक कला-साहित्य व्यवहाराचे चार भिन्न नमुने एकत्र पाहावयास मिळतात. त्यांचे अर्थव्यवहार एकमेकांपासून वेगळे आहेत आणि म्हणूनच ते तुलनेस योग्य आहेत.

२. दोन संज्ञांतील भेद

विवेचनाच्या आरंभीच ‘व्यापारीकरण’ आणि ‘खर्चिकता’ या दोन संज्ञांत भेद करणे आवश्यक ठरते. सामान्य चर्चेत त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. व्यापारीकरण म्हणजे कलाव्यवहारात खरेदी-विक्रीचा शिरकाव होणे. खर्चिकता म्हणजे तो व्यवहार घडवून आणण्यासाठी लागणारी रक्कम, त्यात सहभागी होणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाणे. या दोन गोष्टी बरोबरीने येतीलच असे नाही.

परदेशांतील दोन उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होतो. १९४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे आंतरराष्ट्रीय कला-महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपण होऊन तेथे गेल्या आणि त्यांनी महोत्सवाच्या कडेला आपले प्रयोग केले. त्यातूनच ‘फ्रिंज’ हा महोत्सव वाढला. कोणालाही येता यावे, निवड करणारी समिती नसावी, हे त्याचे तत्त्व. ते तत्त्व आजही टिकून आहे. तथापि नाट्यगृहाचे भाडे आणि ऑगस्टमधील निवासाचे दर कलावंताने स्वतः सोसावयाचे असल्याने, दार उघडे असूनही उंबरठा उंच झाला आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील ‘बर्निंग मॅन’चे. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर मूठभर मित्रांनी लाकडी पुतळा जाळला. १९९० पासून तो सोहळा नेवाडाच्या वाळवंटात होऊ लागला. तेथे वस्तूंची विक्री तत्त्वतः निषिद्ध आहे, देणगी हाच व्यवहार मानला जातो. असे असूनही नुसते प्रवेशपत्रच शेकडो डॉलरचे झाले आहे. म्हणजे येथे विक्री नाही, पण खर्चिकता आहे. विक्री असूनही खर्चिकता नसलेल्या नमुन्याचा विचार पुढे दीक्षाभूमीच्या संदर्भात करावयाचा आहे.

या भेदातून एक तिसरा निकष हाती येतो. तो असा : उत्सवाचा खर्च देणारा आणि उत्सवात ऐकणारा, पाहणारा, बोलणारा यांच्यात अंतर किती? हे अंतर वाढले म्हणजे उत्सवाचे स्वरूप बदलते. ते कमी राहिले तर विक्री होऊनही, गर्दी होऊनही त्याचा मूळ धर्म टिकून राहू शकतो. प्रस्तुत लेखाचे हेच प्रतिपाद्य आहे.

३. प्रस्थापित संमेलन : ग्रंथकारांच्या सभेपासून अनुदानापर्यंत

आज ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतात, त्याचा आरंभ १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने आणि लोकहितवादींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेत मानला जातो. ही सभा नावाप्रमाणेच ग्रंथकारांची होती. बोलणारे आणि ऐकणारे बहुतांशी एकाच वर्गातील होते. सभेचा खर्च अल्प आणि तिचे वर्तुळही लहान. प्रातिनिधिकतेच्या दृष्टीने हा तिचा मोठा दोष होता. परंतु तिला स्वतःव्यतिरिक्त कोणाचे मन राखावयाचे नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढील काळात संमेलन गावोगाव जाऊ लागले. स्वागत मंडळ, स्वागताध्यक्ष, प्रतिनिधी शुल्क, ग्रंथप्रदर्शन, कविसंमेलन असा त्याचा साचा तयार झाला. यात स्वागताध्यक्षाचे पद विशेष लक्षणीय आहे. संमेलनाध्यक्ष साहित्यिक असतो. स्वागताध्यक्ष बहुधा त्या परिसरातील राजकीय, सहकारी अथवा शैक्षणिक क्षेत्रातील वजनदार व्यक्ती असते. म्हणजे एकाच व्यासपीठावर दोन अध्यक्ष बसतात : एक शब्दाचा, दुसरा साधनांचा. संमेलन लहान होते तोवर दुसऱ्याचे काम पाहुण्यांच्या स्वागतापुरते होते. खर्च वाढत गेला तशी त्याची खुर्ची मध्यभागी सरकत गेली.

१९७५ साली कराड येथे भरलेल्या संमेलनात या रचनेतील ताण उघड झाला. स्वागताध्यक्षपदी यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षपदी दुर्गा भागवत, अशी ती जुळणी होती. आणीबाणी चालू होती. अशा वेळी दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा आग्रह धरला आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी सभेला प्रार्थनेस उभे केले. यजमान सत्तेच्या निकट असला म्हणजे अध्यक्षाचा शब्द बांधला जातोच असे नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले. परंतु अशा प्रसंगांची आठवण अपवाद म्हणूनच काढली जाते, यातच नियम काय होता याचे सूचन आहे. व्यक्तीचे धैर्य हा रचनेला पर्याय होऊ शकत नाही.

१९९० च्या दशकात शासकीय अनुदान हा संमेलनाच्या अर्थव्यवहाराचा स्थिर घटक बनला. ही रक्कम पंचवीस लाख रुपये होती. १९९९ च्या मुंबई संमेलनाच्या वेळी याच अनुदानावरून सत्तारूढ पक्षाच्या नेतृत्वाने साहित्यिकांना हिणविले आणि संमेलनाध्यक्ष वसंत बापट यांना त्याचा प्रतिवाद करावा लागला. पैसा वस्तुतः करदात्यांचा होता. पण तो देणाऱ्याच्या हाताने आला आणि हातासोबत सुनावण्याचा अधिकारही आला. २०१८ च्या बडोदा संमेलनात अनुदान पन्नास लाख करण्याची घोषणा झाली. २०२३ च्या वर्धा संमेलनापासून ते दोन कोटी रुपयांवर गेले. शासनाखेरीज खासगी प्रायोजकही आले. २०१० च्या पुणे संमेलनात गुटखा उद्योगाशी संबंधित प्रायोजकत्वावरून वाद उद्भवला. २०१६ साली पिंपरी-चिंचवड येथे एका खासगी शिक्षणसंस्थेने यजमानपद स्वीकारले आणि संमेलनाच्या भव्यतेचीच चर्चा साहित्यचर्चेहून अधिक झाली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. या सर्व काळात सामान्य श्रोत्याला संमेलनाच्या मंडपात बहुधा विनामूल्य बसता आले. त्याला काही विकत घ्यावे लागले नाही. म्हणून ‘संमेलनाचे व्यापारीकरण झाले’ हे विधान काटेकोर नव्हे. झाले ते असे की श्रोत्याला खर्चातून मुक्त करण्यात आले आणि त्याबरोबरच तो जाब विचारण्याच्या अधिकारातूनही मुक्त झाला. पाहुणा तक्रार करीत नाही. यजमान ठरवील ते, ठरवील तितका वेळ, ऐकणे हा पाहुण्याचा शिष्टाचार असतो. उद्घाटनसत्र लांबते आणि परिसंवादाचा वेळ आक्रसतो, या नित्याच्या तक्रारीचे मूळ आयोजकांच्या ढिसाळपणात शोधले जाते. ते वस्तुतः या नात्यात आहे.

यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये भरलेल्या संमेलनाने या नात्याचे कठोर रूप दाखविले. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, संमेलन उधळण्याची भाषा झाल्यानंतर आयोजकांनी मागे घेतले. महामंडळाचे कार्यालय त्या वेळी नागपुरात होते. अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. मोठा मंडप उभारल्यावर तो रिकामा पडण्याची वा मोडला जाण्याची भीती वाढते, आणि ती भीती शब्दाआधी मंडप वाचवू पाहते. खर्च जितका मोठा, तितकी गमावण्याची धास्ती मोठी.

४. नकाराची परंपरा

संमेलनाला नकार ही घटना संमेलनाइतकीच जुनी आहे. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी निमंत्रण नाकारणारे पत्र लिहिले आणि ते ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आमच्या सभा आणि ग्रंथ यांचा मेळ बसू शकत नाही, आमच्या हिताचा विचार आम्हीच केला पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. फुले यांनी सभेत जाऊन विरोध नोंदविण्याचा पर्याय स्वीकारला नाही. त्यांनी वेगळ्या सभेची शक्यता सूचित केली. पुढील सर्व प्रतिसंमेलनांचे हे बीज मानावयास हरकत नाही.

ते बीज अंकुरण्यास बराच काळ जावा लागला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. कामगारवस्तीतून आलेला, शाळेबाहेर घडलेला लेखक उद्घाटक म्हणून उभा राहतो, तेव्हा व्यासपीठाचे व्याकरणच बदलते. १९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी मालतीबाई बेडेकर होत्या. म्हणजे नकाराची गरज केवळ दलित व बहुजन लेखकांनाच भासली असे नाही, मध्यमवर्गीय लेखकांतील एका गटालाही ती भासली.

१९९९ मध्ये मुंबईतच, धारावी येथे, बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले. मुंबईत एकीकडे अनुदानावरून साहित्यिकांचा अधिक्षेप होत असताना दुसरीकडे झोपडवस्तीत हे संमेलन भरले, हा योगायोग नव्हे. या संमेलनाच्या चळवळीने ‘एक मूठ धान्य आणि एक रुपया’ ही निधिसंकलनाची पद्धत रूढ केली. तिच्याकडे केवळ काटकसरीचा उपाय म्हणून पाहणे योग्य होणार नाही. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मुष्टिफंडाची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांना घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार होता. विद्रोही संमेलनाने ती परंपरा शिक्षणाकडून साहित्याकडे आणली. मुठीचे मोल बाजारभावाने नगण्य असते. तिचे महत्त्व संख्येत आहे. दोन कोटी रुपये एक शासन देते. तेच मुठीमुठीने गोळा करू गेल्यास अगणित दारे ठोठवावी लागतात आणि प्रत्येक दारात संमेलन कशासाठी, हे सांगावे लागते. म्हणजे निधिसंकलन हेच संमेलनाचे पहिले सत्र ठरते. दिलेले धान्य त्याच मंडपात शिजते; देणारा आणि जेवणारा एकाच पंगतीत बसतात. आरंभी सांगितलेले अंतर येथे जवळजवळ शून्यावर आलेले असते.

५. दीक्षाभूमी : विक्री आहे, अंतर नाही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर जनसमुदाय लोटतो. या धम्मसोहळ्याच्या आजूबाजूला एक साहित्यव्यवहार वाढला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. रस्त्यांच्या दुतर्फा पुस्तकांची दुकाने लागतात. बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धचरित्रे, लहान पुस्तिका, कवितासंग्रह, आत्मकथने, दिनदर्शिका, भीमगीतांच्या ध्वनिफिती व पुढे तबकड्या यांची खरेदी होते. गायनपार्ट्या गातात, भोजनदानाचे मंडप लागतात.

या व्यवहाराला संमेलनाध्यक्ष नाही, निमंत्रणपत्रिका नाही, विषयपत्रिका ठरविणारी समिती नाही. येथे विक्री उघड आहे. लेखक कधी स्वतःच आपल्या पुस्तकाच्या गठ्ठ्याजवळ बसलेला आढळतो. कठोर अर्थाने पाहता हा व्यापारच आहे. तरीही त्याला प्रतिसंस्कृतीचा ऱ्हास म्हणता येत नाही. मजुरी करून, रेल्वेने प्रवास करून आलेला वाचक आपल्या कनवटीचे पैसे मोजून पुस्तक घेतो. त्याला काय वाचावयाचे आहे हे प्रकाशकाला त्याच क्षणी कळते. कोणत्याही अनुदानाशिवाय, समीक्षेच्या आधाराशिवाय आंबेडकरी साहित्याचा वाचकवर्ग टिकून राहिला, त्यामागे या बाजाराचा वाटा मोठा आहे. दलित साहित्याच्या इतिहासात नियतकालिकांचा उल्लेख होतो, तसा या पदपथावरील दुकानांचाही होणे अगत्याचे आहे.

अंतर कमी असल्याचा दुसरा परिणाम म्हणजे स्वामित्वाची भावना. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीच्या परिसरातील भूमिगत वाहनतळाच्या बांधकामाविरुद्ध जनसमुदाय जमला आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. विकासाच्या योजनेला येथे विरोध झाला, तो या भूमीवर निर्णयाचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावरून. स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पायांनी तेथे येणाऱ्याने आपण पाहुणे नाही, हे सांगितले. विनामूल्य मंडपात बसलेल्या श्रोत्याकडून अशा हस्तक्षेपाची अपेक्षा करता येत नाही.

६. झाडीपट्टी : प्रेक्षकाच्या पैशाची दुसरी बाजू

केवळ अंतर कमी आहे एवढ्यावरून कलाव्यवहार आपोआप श्रेयस्कर ठरतो, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. झाडीपट्टीची रंगभूमी हे त्याचे उदाहरण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. मूळची दंडार, खडीगंमत ही गावाची स्वतःची कला होती. नट गावातले, खर्च गावचा, प्रेक्षक गावाचे पाहुणे. नागरी रंगभूमीच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. या अर्थाने ती प्रमाण संस्कृतीच्या बाहेरची होती, जरी तिने प्रमाण संस्कृतीशी वैर मांडले नव्हते.

पुढे वडसा म्हणजे देसाईगंज हे व्यावसायिक नाट्यसंस्थांचे केंद्र बनले. गावातील मंडळ संस्थेशी ठराविक रकमेचा करार करते, तिकिटे विकते आणि तूट आल्यास ती सोसते. मुंबईच्या चित्रपटांतील ओळखीचा चेहरा आणला तर गर्दी वाढते, पण कराराची रक्कमही वाढते. विनोदी प्रवेश आणि नृत्ये यांना अधिक वाव मिळतो, कारण गल्ला त्यांच्यावर अवलंबून असतो. गावचा नट प्रेक्षकांत जाऊन बसला. पैसा देणारा आणि पाहणारा येथे एकच आहे, आणि नाटक त्याच्या आवडीला उत्तरदायी आहे. याचा लाभ असा की शासनाच्या मदतीवाचून शेकडो कलावंतांचा हंगाम चालतो. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती या प्रेक्षकाने घडविलेल्या कारकिर्दीमुळे. तोटा असा की प्रेक्षकाला जे ऐकवत नाही ते ऐकविणे अवघड होते. प्रतिसंस्कृतीला केवळ श्रोत्याजवळ राहणे पुरेसे नाही. प्रसंगी श्रोत्याला दुखविण्याइतकी मोकळीकही तिला लागते. दीक्षाभूमी आणि झाडीपट्टी यांतील फरक येथे आहे. पहिल्या ठिकाणी विक्रीच्या मागे विचाराचे बंधन आहे. दुसऱ्या ठिकाणी विक्री हेच मुख्य बंधन होत गेले.

७. स्वीकार आणि सामिलीकरण

प्रतिसंमेलनाच्या परिणामाचा एक पुरावा म्हणून प्रस्थापित संमेलनाच्या अध्यक्षपदी आलेल्या दलित लेखकांचा उल्लेख केला जातो. शंकरराव खरात (जळगाव, १९८४), केशव मेश्राम (नाशिक, २००५), उत्तम कांबळे (ठाणे, २०१०) ही नावे त्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गंगाधर पानतावणे यांच्याकडे आले. नागपुरात जन्मलेल्या पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’च्या आणि त्याच्या मेळाव्यांच्या द्वारे दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या होत्या. वर्गणीदारांवर चालणाऱ्या नियतकालिकाचा संपादक साता समुद्रापलीकडील, अर्थातच खर्चिक, संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही घटना दोन प्रकारे वाचता येते. ती एका प्रवाहाच्या कर्तृत्वाची मान्यता आहे. त्याचबरोबर ती मान्यता ज्या व्यवस्थेने दिली तिचा जमाखर्च त्या प्रवाहाने बदललेला नाही. व्यक्ती व्यासपीठावर गेली. व्यासपीठ कोणाच्या पैशाने उभे राहते, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. पानतावणे यांच्या योगदानाला याने उणेपणा येत नाही. सन्मान आणि परिवर्तन यांत भेद करावयास हवा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

या भेदाची तीव्र जाणीव नागपूरचे कवी यशवंत मनोहर यांच्या जानेवारी २०२१ मधील निर्णयात दिसते. विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार त्यांनी नाकारला, कारण सोहळ्याच्या मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती. या निर्णयावर उलटसुलट चर्चा झाली. वाङ्मयीन दृष्टीने त्यातील मुद्दा असा की मंच तटस्थ नसतो. मंचावर काय ठेवावयाचे हे यजमान ठरवितो, आणि तेथे उभे राहणारा त्या मांडणीत सामील होतो. मनोहर यांनी फुले यांच्या पत्रातील तर्क सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुरस्काराच्या क्षेत्रात लागू केला, असे म्हणता येईल.

८. वर्धा, २०२३ : प्रतिसंमेलनाच्या मर्यादा

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा येथे विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने शहाण्णवावे अखिल भारतीय संमेलन न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच शहरात त्याच दिवसांत चंद्रकांत वानखेडे यांच्या अध्यक्षतेखाली सतरावे विद्रोही संमेलन झाले. १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले ते याच वर्ध्यात. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या गांधींच्या कर्मभूमीत एका बाजूला दोन कोटींचे अनुदान आणि दुसऱ्या बाजूला मूठभर धान्य, हे चित्र बोलके होते. पत्रकारांना त्याने सोपी तुलना पुरविली.

अभ्यासकाने मात्र त्या तुलनेपलीकडे जाणे आवश्यक आहे. नाशिक (२०२१), उदगीर (२०२२), वर्धा (२०२३), अमळनेर (२०२४) अशा लागोपाठच्या वर्षांत विद्रोही संमेलन प्रस्थापित संमेलनाच्याच गावी भरले. या निवडीमागे भूमिका आहे : प्रश्न जेथे निर्माण होतो तेथेच उत्तर उभे करावे. परंतु तिची किंमतही आहे. स्थळ, काळ आणि वृत्तपत्रांतील जागा या तिन्ही बाबी दुसऱ्याने ठरविल्यानंतर आपण ठरविणे, ही एक प्रकारची परावलंबिताच होय. खर्च दुसऱ्याचा नसला तरी पंचांग दुसऱ्याचे आहे. दीक्षाभूमीचे तसे नाही. तिचे पंचांग तिचे स्वतःचे आहे.

दुसरी मर्यादा श्रमाची आहे. अल्प निधीवर चालणारे संमेलन कार्यकर्त्यांच्या विनामोबदला श्रमावर उभे असते. हा खर्च ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही. ज्याला चार दिवसांची रोजी सोडणे परवडते तोच असे श्रम देऊ शकतो. तिसरी मर्यादा नोंदींची. परिसंवादांचे ध्वनिमुद्रण, भाषणांचे संपादन, आदिवासी बोलींतील कवितांचे अनुवाद यांसाठी पैसा लागतोच. तो नसल्याने प्रतिसंमेलनांचे बरेचसे साहित्य बोलले गेले आणि विरून गेले. साधेपणाचा अभिमान बाळगताना ही हानी विसरता येत नाही. एडिंबरोच्या उदाहरणात कलावंताने खर्च सोसला आणि गरीब कलावंत मागे हटला. येथे कार्यकर्ता सोसतो आणि संग्रह मागे राहतो.

९. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. पहिली, विक्रीचा शिरकाव आणि खर्चाची वाढ या भिन्न घटना आहेत. त्यांचे परिणामही भिन्न आहेत. दुसरी, प्रतिसंस्कृतीच्या उत्सवाचे स्वरूप बदलते ते पैसा येण्याने नव्हे, तर देणारा आणि ऐकणारा यांच्यात तिसऱ्याची खुर्ची मांडली गेल्याने. तिसरी, हे अंतर कमी असणे ही आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही. झाडीपट्टीने ते स्पष्ट केले आहे. चौथी, विद्रोही संमेलनाची मूठ आणि दीक्षाभूमीचा ग्रंथबाजार ही दोन भिन्न उत्तरे आहेत. एकाने विक्री टाळून श्रोत्याला दाता केले, दुसऱ्याने विक्री स्वीकारून त्याला ग्राहक केले. दोहोंनी त्याला पाहुणा होऊ दिले नाही.

यातून अध्ययनाची एक दिशा सूचित होते. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय स्तरावर संमेलनांचा इतिहास शिकविताना अध्यक्षीय भाषणांबरोबर संमेलनांचे अहवाल, वर्गणीच्या पावत्या, स्वागत मंडळाच्या याद्या आणि कार्यक्रमपत्रिकांतील वेळेची वाटणी यांचाही अभ्यास व्हावयास हवा. विशेषतः विदर्भातील लहान गावी झालेल्या प्रतिसंमेलनांचे असे कागद कार्यकर्त्यांच्या घरी, ट्रंकांत आणि माळ्यावर पडून आहेत. ती पिढी वृद्ध होत आहे. प्रस्थापित संमेलनाची भाषणे ग्रंथालयात सुरक्षित राहतील. मूठभर धान्य कोणी दिले याची वही मात्र एकदा हरवली की पुन्हा मिळणार नाही, आणि त्या वहीशिवाय मराठी साहित्याच्या सार्वजनिक जीवनाचा अर्धा इतिहास लिहिता येणार नाही.